दाजींची आखणी

रोह्यात बसून पेणजवळच्या जोहे गावातला कॉम्प्युटर सांभाळणं म्हणजे अपेक्षाला डाव्या हातचा मळ वाटायचा. काळुरामकाकांच्या गणपतीच्या कारखान्यात शाडूच्या मूर्ती वाळवायची बंद खोली होती आणि तिथला हीटर एक छोटा लिनक्स कॉम्प्युटर कमीजास्त करायचा. "कुणी यायला नको काका, मी घरून बघते," असं तिनं मोठ्या तोऱ्यात सांगून ठेवलं होतं.

त्या दुपारी तिनं अपडेट सोडलं. भ्यायचं कारण नव्हतं. जुनी सिस्टीम शेजारीच जशीच्या तशी ठेवली होती आणि नवी तीनदा सुरू होताना बिघडली, तर चौथ्यांदा कॉम्प्युटर आपोआप जुनीवर जाणार होता.

कॉम्प्युटर बंद झाला आणि परत बोललाच नाही. पंधरा मिनिटांनी अपेक्षाच्या लक्षात आलं. हा पठ्ठ्या पहिल्याच खेपेला मध्येच अडकून बसला होता! अडकला तर स्वतःच बंद-चालू व्हायची सोय "उद्या करू, उद्या करू" म्हणत राहून गेली होती. हीटर मात्र शेवटच्या हुकमावर तापत राहणार, आणि ओल्या शाडूला जास्त उष्णता लागली की तडे. आत चाळीस मूर्ती होत्या.

तिनं काकांना नऊ फोन केले. कुणी उचलेना. उचलणार कसे? कारखान्यातले जुने कारागीर दाजी मूर्तींचे डोळे आखायला बसले, की आवाजानं त्यांचा हात हलू नये म्हणून सगळे मोबाइल बंद करून टोपलीत जायचे. दुपारी तिकडे शांतता असते म्हणून तिनंच ही वेळ निवडली होती. शहाणीच!

स्वतःला शिव्या घालत तिनं पेणची एसटी पकडली. नागोठणं मागे पडलं आणि हातातला मोबाइल थरथरला: 'जुनी सिस्टीम सुरू. हीटर ताब्यात.' अपेक्षा अशी किंचाळली, की कंडक्टरनं घंटी मारून गाडी थांबवली.

"उतरायचं हाय का?"

"नाय ओ! माझा कॉम्प्युटर उठला!"

"मग बसा की खाली," म्हणत त्यानं डबल घंटी दिली, आणि पेणपर्यंत तिचं हसू काही थांबेना.

जोह्याला पोचताच ती वाळवणाच्या खोलीत घुसली. एकाही मूर्तीला तडा नव्हता. "मधी लाइट गेलेली काय, काका?"

"नाय गो. दाजींना आखताना पंख्याचा वारा चालत नाय. एकेक पंखा कोण बंद करणार? मेन स्विचच पाडतो. डोळे झाले का चालू, दाजींनी घाम पुसला का परत बंद. तीन मूर्त्या झाल्या." काका कौतुकानं हसले. "आणि तू रोह्यातून बरोबर सांभाळलंस!"

अपेक्षानं बोटं मोजली: अपडेटनंतरची अडकलेली एक खेप आणि मेन पडून परत चालू झाल्याच्या तीन, म्हणजे चौथ्या खेपेला कॉम्प्युटर जुनीवर गेला होता. हो म्हणायचा मोह जिभेच्या टोकावर आला होता. "मी नाय सांभाळलं, काका. माझीच चूक व्हती. आज दाजींनी वाचवलं."

"मी?" दाजींचा ब्रश हवेतच राहिला. "मी तं नुसते डोळे काढले."

अपेक्षानं तिथंच फरशीवर बसकण मारून राहिलेली सोय चालू केली, कॉम्प्युटरला मुद्दाम अडकवलं आणि श्वास रोखला. मिनिटाभरात तो आपला आपण उठला. आनंदानं तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

दाजींनी चौथी मूर्ती पुढ्यात ओढली आणि घाबरत विचारलं, "आता मेन पाडू का नको?"

"पाडा दाजी!" ती ओरडली. "बिनधास्त पाडा!"