शब्द फोडायची सवय

केवळराम सरांनी सानगडीच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं. शब्द पाठ करू नका, फोडा, असं ते पोरांच्या कानीकपाळी ओरडायचे. लॅटिन मुळं त्यांना तोंडपाठ, आणि बोलणं घरातसुद्धा पुस्तकी. बायको धुरपता हसायची, पण ऐकून घ्यायची.

पंधरवड्यात तिला दोनदा फिटचा झटका आला म्हणून दोघं भंडाऱ्याला आले. डॉक्टर सरांचाच जुना विद्यार्थी, अनुप. तिला बाहेर बाकावर बसवून त्यानं सरांना तिच्या डोक्याच्या सीटी स्कॅनची फिल्म उजेडात धरून दाखवली.

"स्पेस-ऑक्युपाइंग लिजन आहे, सर. नागपूरला न्यावं लागेल. तुम्हाला मी काय शब्द समजावणार!"

सरांनी मान हलवली. विद्यार्थ्याला इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारायचा? शिक्षक लोक जीव देतील, पण हे करणार नाहीत.

दाराबाहेर येईपर्यंत सवयीनं शब्द फुटला होता. स्पेस म्हणजे लॅटिनमधलं स्पातियुम, मोकळी जागा. लिजन म्हणजे इजा, मग ती कसलीही असो. ऑक्युपाय आलं ऑक्युपारेवरून, आणि त्याच्या पोटात कापेरे, म्हणजे पकडणं. कैद्याला कॅप्टिव्ह म्हणतात तेही तिथूनच. म्हणजे नुसतं जागा व्यापणारं नव्हे, बळकावणारं. शेजारच्या भय्याजीनं दरवर्षी मधला धुरा, म्हणजे बांध, थोडा थोडा कोरून त्यांची धानाची बांधी अशीच खाल्ली होती, ती काही परत मिळाली नाही. पण शेत निदान मोठं होतं. डोक्यात जागा असते तरी किती?

"काय म्हनला अनुप?" धुरपतानं विचारलं.

"विशेष काही नाही."

"पोट्ट्याईले शब्द फोडून सांगता, मंग मले काहून नाही?"

सर तिच्याशी कधी खोटं बोलले नव्हते. "डोक्यात काहीतरी आहे," ते म्हणाले. "जागा बळकावणारं."

तिनं पदर आवळून घेतला. "भय्याजीवानी?"

"हो."

"पन हाय काय ते?"

सरांनी शब्द पुन्हा फोडून पाहिला. ते काय करतं एवढंच त्यात होतं. ते काय आहे, हे कुठेच नव्हतं. लाज बाजूला ठेवून ते परत आत गेले आणि विचारलं.

अनुपनं चष्मा काढला. "सर, ते कळलं असतं तर त्याचंच नाव सांगितलं असतं. गाठ असेल, जंताची पुटी, म्हणजे पाण्याची पिशवी, असेल. औषधानं जाईल, किंवा नाही जाणार. माहीत नसतं, तेव्हाच आम्ही हा शब्द वापरतो."

बाहेर येऊन सरांनी जसंच्या तसं सांगितलं.

"मले भेव लागून राहिलं," धुरपता म्हणाली.

सर शेजारी बसले आणि चार लोकांसमोर त्यांनी तिचा हात धरला.

"मलेबी," ते म्हणाले.