तिसरी प्रत

त्याची हयात छापखान्यासाठी गणिताची पुस्तकं जुळवण्यात गेली. आधी शिशाच्या अक्षरखिळ्यांनी, मग संगणकावर. बायको शाळेत गणित शिकवायची, पुस्तकंही लिहायची. दोघांचा करार होता: मजकुराचा फॉन्ट त्याने निवडायचा, गणिताचा तिने.

तिचा फॉन्ट जाडजूड आणि ठेंगणा. तो त्याला पैलवान म्हणायचा. "पानावर आकडे बसलेत की आखाड्यात उतरलेत?" असं चिडवायचा.

"अहो, पुस्तक एकाकडे असतं, बाकीची मुलं झेरॉक्सवर अभ्यास करतात," ती म्हणायची. म्हणून ती पानाची झेरॉक्स काढायची, त्या झेरॉक्सची झेरॉक्स, आणि तिचीही आणखी एक. तिसऱ्या प्रतीवरून सगळी उदाहरणं सोडवायची. सुटली, की कोपऱ्यात पेन्सिलने 'पास'.

ती गेली त्याला सात महिने झाले होते. तिचं शेवटचं पुस्तक त्याने जुळवून पुरं केलं, आणि या खेपेला दोन्ही फॉन्ट स्वतःच निवडले. गणितासाठी नाजूक, केसासारख्या रेघांचा. तिच्या नावाचं हे पुस्तक तरी देखणं व्हावं, एवढंच त्याच्या मनात होतं. त्या दिवशी चार वाजेपर्यंत फाइल छापखान्यात द्यायची होती.

सकाळी मेहुणी आली. तीही त्याच शाळेत शिकवायची. तिने पानं चाळली.

"भावजी, लग्नपत्रिकाच झालीय जणू."

"कौतुक आहे की टोमणा?"

"तुम्हीच ठरवा. तिसरी प्रत काढली?"

त्याने चष्मा पुसायला घेतला. "कशाला? पन्नासदा तपासलंय."

"ताईने घराबाहेर काढलं असतं तुम्हाला!"

ती एक पान उचलून समोरच्या दुकानात गेली आणि तीन प्रती घेऊन आली. तिसरी त्याच्यापुढे ठेवली. "सोडवा. पहिलंच."

दोनाचा तिसरा घात. हे तर त्याला झोपेतही आलं असतं. "आठ."

तिने मागचं उत्तरांचं पान उघडलं. "एक छेद आठ."

"मग उत्तर चुकलंय."

"ताईचं?"

त्याने मूळ पान ओढून घेतलं. घात वजा तीन होता. तीनाआधीची ती बारीकशी आडवी रेघ दुसऱ्या प्रतीतच पुसट झाली होती, तिसरीत नावालाही उरली नव्हती.

"अख्ख्या वर्गाला आठ आलं असतं," मेहुणी म्हणाली. "आणि सगळे म्हणाले असते, बाईंचंच चुकलं."

त्याने मूळ पान खाली ठेवलं. "तिचं पुस्तक देखणं दिसावं असं वाटलं गं."

"ताई तरी कुठे हो देखणी होती," मेहुणी हसत म्हणाली. मग तिला हसवेना.

त्याने छापखान्याला फोन करून आठवडा मागून घेतला. गणिताला पुन्हा पैलवान लावला. फॉन्ट बदलायला फाइलमधली आज्ञेची एक ओळ पुरली, पण त्या एका ओळीने सहा पानं वाढली आणि अकरा सूत्रं समासाबाहेर गेली. एकेक सूत्र त्याने बरोबरच्या चिन्हापाशी तोडून खाली घेतलं, तिला आवडायचं तसं.

पाचव्या दिवशी तो स्वतः झेरॉक्स काढून आला आणि तिसरी प्रत घेऊन टेबलाशी बसला. सातव्या उदाहरणावर अडला. चिन्हं सगळी स्वच्छ दिसत होती, त्यालाच ते येत नव्हतं. इतकी वर्षं असं काही अडलं की तो बसल्या जागेवरून हाक मारायचा.

त्याने पेन्सिलला टोक केलं आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. उत्तर जुळलं तेव्हा बाहेर दिवे लागले होते. पानाच्या कोपऱ्यात त्याने 'पास' लिहिलं आणि पुढचं पान घेतलं.