मातीच्या घराला लावलेला रंग

मित्रांनो, मी मातीचं घर. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलहून गाडीनं अर्ध्या तासावर, जर्दाळूच्या उरलेल्या चार झाडांमागे उभं आहे. वय पावणेदोनशेच्या पुढे.

माझा जन्म झाला तेव्हा इथे मेक्सिकोचा अंमल होता, लोक स्पॅनिश बोलत. इथल्या मूळ रहिवाशांनी माती, पाणी आणि गवत पायांनी तुडवून माझ्या विटा थापल्या आणि उन्हात वाळवल्या. दारावरच्या पितळी पाटीवर मालकाचं नाव आहे, त्यांचं नाही. पण दक्षिणेच्या भिंतीत एका विटेवर कुणाची तरी पाच बोटं उमटलेली आहेत. तेवढीच त्यांची सही.

मालकीण इनेसबाई दर वर्षी पाऊस संपला की बाह्या सरसावून मला मातीनं लिंपायच्या. भिंत ओल प्यायची, ऊन पडलं की सोडून द्यायची. तो माझा श्वास होता.

इनेसबाई गेल्या. झेंडा बदलला. माझ्यात जर्दाळूची खोकी ठेवली, पुढे तीही ठेवली नाहीत. शेवटी एका ट्रस्टनं मला जपायला घेतलं आणि साल्वादोर नावाचे गृहस्थ देखभालीला येऊ लागले. मुलं त्यांना साल्वादोरकाका म्हणतात.

मुलं कुठून आली, विचाराल. कीर्तनाबरोबर आली. महिन्यातून एका रविवारी मराठी मंडळी मला भाड्यानं घेऊ लागली. पद्मिनीकाकू आधी माझ्या जमिनीला हात लावून नमस्कार करत, मग शंतनूनं पेटीवर सूर धरला की कीर्तनाला उभ्या राहत. दोन हात जाडीच्या मातीत सूर घुमत नाही, मुरतो. काकू म्हणायच्या, इथे देवाला माइक लागत नाही.

शंतनू चिप कंपनीत इंजिनीअर. मनाचा फार चांगला. त्याला वाटलं, या घरात आपण इतकं ऐकतो, त्याच्यासाठी काहीतरी केलं पाहिजे. लहानपणी त्याच्या बिल्डिंगला दर मे महिन्यात वॉटरप्रूफिंग व्हायचं. त्याला हे सुचलं तेव्हा साल्वादोर गुडघ्याच्या ऑपरेशनला गेले होते. शंतनूनं कुणाला न विचारता सर्वांत महाग वॉटरप्रूफ पेंट आणला. तीस माणसांनी पोहे खात दोन हात दिले. ग्रुपवर फोटो गेले, कौतुक झालं. मीही खूश होतं.

त्यानंतर मला हळूहळू काही कळेनासं झालं. पाऊस आला, कळला नाही. ऊन पडलं, कळलं नाही. टाळ हलताना दिसत, आत काही पोचत नसे. जमिनीतली ओल भिंतीत चढत होती आणि बाहेर पडायला वाट नव्हती. दुखतही नव्हतं. मित्रांनो, दुखत नाही म्हणजे बरं आहे असं नसतं.

या जानेवारीत, इथल्या ऐन पावसाळ्यात, भर कीर्तनात दक्षिणेच्या भिंतीचा ताटाएवढा पोपडा पडला. मागे चिखल. सरकारी तपासनीस आले आणि म्हणाले, दोन महिन्यांत भिंत सुकली नाही तर घराला कायमचं कुलूप लागेल. मी ऐकलं. मला काही वाटलं नाही.

शंतनूनं आधी पावसाला दोष दिला, मग पाइपला. मग म्हणाला, "अजून एक कोट मारू या, काकू. याहून स्ट्राँग."

काकूंनी भिंतीला तळवा लावला.

"शंतनू, उन्हाळ्यात तुझी आई माठाला ऑइल पेंट लावायची का रे?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"पाझरलाच नाही तर माठ कसला? प्रेमानंच केलंस, बाबा. पण विचारलं नाहीस."

साल्वादोर नुकतेच परतले होते. त्यांची आजी हातांनी घर लिंपायची. ते म्हणाले, आधी रंग काढा, मग मातीनं लिंपा, मातीत गवत घाला. काकू म्हणाल्या, आमच्याकडे शेण घालतात. दोघं हसले. मग त्याच तीस माणसांनी लागोपाठ चार रविवार लाकडी पट्ट्यांनी त्या भिंतीचा रंग खरवडला, सगळ्यांत पुढे शंतनू. काकूंनी कीर्तन थांबवलं नाही. खरवडण्याच्या आवाजावरच ताल धरला.

चौथ्या रविवारी आठ वर्षांच्या आन्याला ती वीट सापडली. तिनं त्या पाच बोटांवर आपली बोटं ठेवली आणि लगेच काढली.

"काकू, इट्स स्वेटिंग."

काकूंनी पदरानं तिचा हात पुसला. "घाम फुटला ना? मग जीव आहे."

तपासनिसांनी परवा यंत्र लावून पाहिलं. ओल उतरते आहे, म्हणाले. पुढचा पावसाळा पाहून ठरवू. दार तोवर उघडं राहील.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर माया करा, पण हात लावण्याआधी त्यांना काय सोसतं ते कुणा जाणत्याला विचारा. एवढंच मागणं.

माझ्या बाकीच्या तीन भिंती अजून बधिरच आहेत. त्यांचा रंग उतरायचा आहे. पण दक्षिणेकडे, आन्याच्या पंजाएवढ्या जागेत, आज सकाळी मला वारा लागला.