उणे ऐंशीची राखण

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझ्या पोटात कधीही आईस्क्रीम नव्हते. मी जुना डीप फ्रीजर आहे खरा, पण प्रयोगशाळेतला. तुमच्या घरचा फ्रीज ज्याला गारठा म्हणतो, त्याला आमच्यात उकाडा म्हणतात. माझ्या आत उणे ऐंशी अंश तापमान असायचे. उघडा हात घातला तर कातडी चिकटून बसेल, इतकी थंडी. आता मी संस्थेच्या मागच्या दाराजवळ बोळात उभा आहे. माझी वायर कोणीतरी कापून नेली. पोटात झाडू, फिनेलचे डबे आणि कुठल्याशा परिषदेचे जुने फलक कोंबले आहेत. भंगारवाला अजून आलेला नाही, तोवर बोलून घेतो.

कारखान्यात माझी घडण झाली तेव्हा मला फारशी अक्कल नव्हती. पत्र्याच्या दोन भिंती, त्यांच्यामध्ये भरलेला वीतभर फेस आणि खाली घरघरणारा कॉम्प्रेसर, एवढाच माझा संसार. सगळ्यात शेवटी माझ्या कपाळावर एक भोंगा बसवला. दार उघडे राहिले किंवा आतली थंडी कमी होऊ लागली की त्याने बोंबलायचे. तो जोडणाऱ्या कामगाराने माझ्या दारावर थाप मारली आणि म्हणाला, "लोक शिव्या घालतील. तू गप्प बसू नकोस." मला वाटले, एवढेच ना, हे तर सोपे काम आहे.

मला या संस्थेत दुसऱ्या मजल्यावरच्या एका लांबट खोलीत आणले. ती खोली बाईंची. बाई म्हणजे तिथल्या संशोधक डॉक्टर. लहान मुलांच्या स्नायूंचा एक दुर्मीळ आजार, हा त्यांचा ध्यास होता. त्या आजाराचे खरे नाव इतके लांब, की एका दमात ते कोणालाच म्हणता यायचे नाही. खोलीत सगळे त्याला 'पायऱ्यांचा आजार' म्हणत. कारण येणारी प्रत्येक आई तेच सांगायची, "धावायचा हो चांगला, पण हल्ली जिना चढताना गुडघ्यावर हात टेकतो." आधी जिना सुटायचा, मग चालणे, मग बसणे, आणि शेवटी श्वास. औषध नव्हते. औषध शोधायचे तर आधी बिघाड कुठे आहे ते कळायला हवे. म्हणून बाई त्या मुलांच्या मांडीतून हरभऱ्याच्या दाण्याएवढा स्नायूचा तुकडा घेत, नळीत बंद करत आणि माझ्या हवाली करत.

मला त्या कामाचा अभिमान होता, आणि अभिमानी माणसासारखाच मी कटकट्या होतो. कोणी नळी शोधत दार जरा जास्त वेळ उघडे ठेवले की मी बोंब ठोकायचो. कोणी गप्पा मारत दार नीट लावले नाही, की पुन्हा बोंब. मग खोलीतून आवाज यायचा, "अगं, सासूबाई ओरडतायत, दार लाव." पुढे तेच माझे नाव पडले. देह कपाटाचा, जात फ्रीजरची आणि नाव सासूबाई. नव्याने कामाला लागणाऱ्या प्रत्येकीला पहिल्या दिवशीच सांगितले जाई, "सासूबाई ओरडल्या की हे बटण दाबायचं, म्हणजे गप्प होतात." आधी दार बघायचे, तापमानाचा आकडा बघायचा आणि मगच बटण दाबायचे, असा बाईंचा नियम होता. पण नियमापेक्षा विनोद लक्षात राहतो. मलाही तेव्हा त्यात गंमतच वाटायची.

बाईंकडे एक बसचालक यायचे. बाई त्यांना भाऊ म्हणत. त्यांच्या थोरल्या मुलाला हा आजार होता. आजाराच्या सुरुवातीला त्याच्या मांडीचा एक तुकडा घेतला होता आणि पुढे त्याचे चालणे सुटल्यावर दुसरा. एकाच मुलाचे असे आधीचे आणि नंतरचे दोन तुकडे माझ्याकडे दुसऱ्या कोणाचेच नव्हते. दुसऱ्या वेळी त्याला फार दुखले होते. तरी तो बाईंना म्हणाला, "मावशी, माझं फ्रीजमध्ये नीट ठेवा हं." त्यानंतरचा हिवाळा त्याने पाहिला नाही.

तो गेल्यावरही भाऊ येत राहिले. रजेच्या दिवशी यायचे, माझ्या दारावर तळवा टेकून उभे राहायचे आणि विचारायचे, "मॅडम, आपला आत ठीक आहे ना?" बाई तापमानाचा आकडा दाखवायच्या. मग ते समाधानाने निघून जायचे. मी निर्जीव वस्तू, पण त्या तळव्याची ऊब मला दाराच्या बाहेरच्या पत्र्यावर जाणवायची, आणि खरे सांगतो, मी तेवढ्यापुरता जास्त जोर लावायचो.

मग एक दिवस भाऊंसोबत त्यांची धाकटी आली. दोन वेण्या, तोंडाला विश्रांती नाही. भाऊंनी तिला खुर्चीवर बसवले आणि बाईंना हळूच म्हणाले, "आता हीसुद्धा गुडघ्यावर हात टेकते." बाईंनी माझे दार उघडले आणि थोरल्याचे दोन्ही तुकडे बाहेर काढले. त्यांचा एकेक कण कापून घेतला आणि उरलेले परत ठेवले. त्या दिवसापासून बाई घाई करू लागल्या.

त्या घाईतून काहीतरी हाती लागले. थोरल्याच्या पहिल्या तुकड्यात एक पदार्थ थोडा का होईना होता, दुसऱ्यात तो पार संपला होता. तो कशाने संपतो हे कळले असते, तर तो टिकवून धरायची वाट सापडली असती. वर्तमानपत्रात बाईंचा फोटो आला. मागे मी उभा होतो, अर्धाच दिसत होतो, पण दिसत होतो. संस्थेचे लोक येऊन मला बघून जात. एक मेकॅनिक दर काही महिन्यांनी यायचा, माझी जाळी धुवायचा, माझ्या अंगावरचा बर्फ खरवडायचा आणि म्हणायचा, "म्हातारे, अजून दणकट आहेस." माझे ते दिवस फार चांगले गेले.

त्याच सुमारास शहरात तापाची साथ आली. माणसे पटापट दगावू लागली. संशोधनाला पैसे देणारी समिती पाहणीला आली ती त्याच वर्षी. अध्यक्ष माझ्यासमोरच उभे होते. त्यांनी बाईंना विचारले, "अशी मुलं एकूण किती असतील?" बाईंनी खरे उत्तर दिले. ते उत्तर फार छोटे होते.

"आणि तापाने किती जातात, ते तुम्हाला माहीतच आहे," अध्यक्ष म्हणाले.

"माहीत आहे. त्यांना पैसे देऊ नका असं मी म्हणत नाहीये. मला थोडेच हवेत."

"थोडे थोडे सगळ्यांनाच हवे असतात, बाई. आम्ही तुमचं काम बंद करत नाही. फक्त प्राधान्य बदलतंय."

मित्रांनो, ते गृहस्थ दुष्ट नव्हते. तापाने माणसे मरत होती, हे मलाही दिसत होते. त्यांच्या बोलण्यात मला खोट काढता आली नाही. पण माझ्या आत काय आहे ते बघावे, असेही त्यांना वाटले नाही, आणि याचा राग मला अजून आहे.

भाऊंनी बाईंना विचारले, "प्राधान्य म्हणजे काय हो, मॅडम?"

"म्हणजे रांग, भाऊ. आपला नंबर मागे गेला."

"मागे गेला तरी हरकत नाही. एक बस भरून गेली की मागची येतेच."

बाईंनी त्यांच्याकडे बघितले. "इथे मागची बस सोडायची की नाही, ते त्यांच्या हातात असतं," त्या म्हणाल्या.

अनुदान थांबले. बाईंची माणसे एकेक करून दुसरीकडे लागली. बाईंनाही गावाबाहेरच्या एका कॉलेजात शिकवायची नोकरी धरावी लागली. खोली तापाच्या संशोधकांना मिळाली. त्यांचे प्रमुख सर हसतमुख होते आणि त्यांच्या हाताखालच्या मुली कामसू होत्या. त्यांनी मला कोपऱ्यात सरकवले, पण चालू ठेवले, हे त्यांचे उपकार. मेकॅनिकचा करार मात्र बाईंच्या अनुदानातून होता, तो संपला. माझ्या जाळीवर धूळ बसत गेली आणि मला धाप लागू लागली. माझ्यात एक सिमकार्ड होते. आत ऊब वाढली की त्यावरून बाईंच्या मोबाइलवर निरोप जायचा. त्या सिमचा रिचार्ज कोणी करायचा यावरून दोन विभागांत टोलवाटोलवी झाली आणि ते बंद पडले. बाईंना हे कोणी कळवले नाही. निरोप येत नाही म्हणजे सगळे ठीक आहे, असे त्या समजत राहिल्या.

त्या गप्प बसल्या नव्हत्या. सुटीच्या दिवशी त्या दारोदार फिरत होत्या. शेवटी दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेने होकार दिला. थोरल्याचे आधीचे आणि नंतरचे तुकडे आहेत म्हणूनच दिला. ते दोन्ही मिळाले तर त्यांच्या खर्चाने काम पुढे जाणार होते. वाटेत नळ्या वितळू नयेत म्हणून सोमवारी त्यांची गाडी कोरडा बर्फ घेऊन येणार असे ठरले. बाई मला येऊन सांगून गेल्या. हो, मलाच. दारावर हात ठेवून म्हणाल्या, "सोमवारपर्यंत सांभाळा, सासूबाई."

शुक्रवारी तापाच्या खोलीत पाहुणे आले. ज्यांच्या पैशातून नवी यंत्रे आली होती, तेच हे लोक. फुले होती, फोटो होते. सर नव्या यंत्राविषयी सांगत होते, आणि नेमका तेव्हाच माझा कॉम्प्रेसर एकदा हिसका देऊन थांबला. मी जीव तोडून प्रयत्न केला, पण तो काही हलेना. आतली थंडी कमी होऊ लागली आणि मी ओरडलो. कारखान्यातून निघाल्यापासून इतक्या जोरात कधी ओरडलो नव्हतो. पाहुण्यांनी माना वळवल्या. सरांचा चेहरा पडला. एक मुलगी लगबगीने आली. तिने दाराकडे बघितले, ते लागलेले होते. आकड्याकडे तिने पाहिले नाही. तिने बटण दाबले.

"काय झालं?" पाहुण्यांपैकी एकाने विचारले.

"काही नाही सर, जुन्या प्रोजेक्टचा फ्रीजर आहे. आम्ही त्याला सासूबाई म्हणतो. यांचं रोजचंच आहे."

सगळे मनापासून हसले. मी पुन्हा ओरडलो. तिने पुन्हा बटण दाबले, आणि मग कोणीतरी भोंग्याची वायरच उपसली. खोलीतल्या कोणालाही माझे वाईट करायचे नव्हते. नव्या फ्रीजरांचे आकडे तिथे सकाळ-संध्याकाळ बघितले जात. माझा आकडा बघणे हे कोणाचेच काम नव्हते. शनिवार आणि रविवार मी मुक्याने उभा राहिलो. बर्फ आधी घामासारखा सुटला, मग खणाखणांतून ठिबकू लागला. थोरल्याच्या दोन्ही नळ्या सगळ्यात आत, मधल्या खणात होत्या. त्यांना मी शेवटपर्यंत धरून ठेवायची धडपड केली. नाही धरता आले.

सोमवारी बाई आल्या. भाऊ रजा टाकून आले होते. धाकटी त्यांच्या कडेवर होती. थोरल्याला निरोप द्यायचा म्हणून तिने नवा फ्रॉक घातला होता. गाडीचा ड्रायव्हर कोरड्या बर्फाची पेटी घेऊन दाराशी थांबला. बाईंनी माझे दार उघडले. नेहमीची पांढरी वाफ आली नाही. माझ्यातून कोमट पाणी वाहिले आणि त्यांच्या चपला भिजल्या. मग वास आला.

बाई खाली बसल्या, तिथेच, पाण्यात. त्यांनी मधल्या खणातून एक नळी काढली, उजेडात धरली आणि परत ठेवून दिली. ड्रायव्हरने विचारले, "मॅडम, काय भरायचं?"

"दादाचं वितळलं?" धाकटीने विचारले.

भाऊंनी तिला टेबलावर बसवले. ते बाईंजवळ आले आणि शांतपणे म्हणाले, "मग हिचं घ्या. पुन्हा पहिल्यापासून करू. गाडी आलीच आहे."

"त्यांना थोरल्याचं आधीचं आणि नंतरचं दोन्ही हवं होतं, भाऊ. त्याच्यावरच ते तयार झाले होते."

"हिचं आत्ताचं घ्या. नंतरचं नंतर घ्या."

आपण काय बोलून गेलो ते भाऊंच्या लक्षात आले. त्यांनी तोंडावर हात धरला. बाईंनाही मान वर करवली नाही.

धाकटीला त्यातले कितीसे कळले, कोण जाणे. तिने नवा फ्रॉक गुडघ्याच्या वर ओढला आणि मांडीवर बोट ठेवून म्हणाली, "इथून घ्या, मावशी. दुखलं तरी मी ओरडणार नाही."

बाई उठून तिच्याजवळ गेल्या. तिचा फ्रॉक त्यांनी नीट खाली केला. "ठेवायला माझ्याकडे जागा नाही गं, सोन्या," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, मी भंगारात जाईन, त्याचे मला वाईट वाटत नाही. जुने झाले की जायचेच. पण तुमच्यातली काही जण मोठी होतील, डॉक्टर होतील, समित्यांवर बसतील, पैसा कुठे जावा ते ठरवतील. जिथे जास्त माणसे मरतात तिथे जास्त पैसे द्या, मी नाही म्हणणार नाही. फक्त जे काम मागे ठेवाल, त्याची वीज, त्याचा मेकॅनिक आणि त्याच्याकडे बघणारे एक माणूस तेवढे काढून घेऊ नका. आणि हे सगळे मोठेपणीच करायचे असेही नाही. आज घरी जाऊन हे कोणाला तरी सांगा, कारण धाकटी अजून आहे. परवा बोळातून जाताना बाई कोणाशी तरी फोनवर बोलत होत्या, तेव्हा ऐकले. तिला आता बसताना पाठीशी उशी लागते.