बांड्याचं मुसकं

पारूचं लग्न एकदा ठरून मोडलं होतं, आणि तेही कुत्र्यापायी. ऐकणारी माणसं हसत. पारूच्या बापाला, लडकूला, मात्र त्यात हसण्यासारखं काही सापडलं नव्हतं. दोन वर्षांमागे मुरबाडकडचं स्थळ सुपारी फोडायला आलं, मागच्या परड्यात पंगत बसली, आणि पारूच्या बांड्यानं नवऱ्यामुलाच्या मामाची पोटरी धरली. मामाला मुंबईला नेऊन पोटात चौदा सुया टोचाव्या लागल्या. पंधरवड्यात सोयरीक नको म्हणून निरोप आला. त्यानंतर पारूला बघायला कुणी फिरकलं नाही.

लढाईचं चौथं वर्ष चालू होतं. साखर नाही, रॉकेल नाही, अशा दिवसांत तानशाकडचा राघो आपल्या मुलासाठी पारूला मागायला आला, तेव्हा लडकूला देव पावल्यासारखं वाटलं. राघोनं बाकी काही मागितलं नाही. एवढंच म्हणाला, "माजी मानसं जेवायला बसतील तिथं कुत्रं मोकळं नको. नुसतं भुंकलं तरी बाया पानावरनं उठतील."

शेजारच्या बारकूनं लगेच तोड काढली. "पोत्यात घाल नि कसाऱ्याच्या घाटात सोडून ये. कटकट मिटली."

हे पारूच्या कानावर गेलं. पोर जेवेना. "बा, सात वर्सं माज्या मागनं फिरतोय तो. मी जातेच हाय आता. त्याला तरी ठेव."

"ठेवतो गो. त्याच्या केसाला धक्का लागनार नाय," लडकूनं तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं. आता लग्नही नीट पार पडायला हवं होतं आणि शब्दही राखायचा होता.

शेतावर नेऊन बांधावं, तर तिथे भरदिवसा बिबळ्या फिरत होता. घरात कोंडावं, तर घर बायकांनी भरलेलं. शेवटी लग्नाच्या सकाळी लडकूला युक्ती सुचली. गोठ्यात वासराचं मुसकं टांगलेलं होतं, काथ्याचं, विणलेलं. ते त्यानं बांड्याच्या तोंडावर चढवलं. सैल वाटलं म्हणून वरून सुतळीचे तीन वेढे दिले, जबडा हलेना असे. परड्याच्या कडेला पेंढ्याची उडवी होती, तिच्या सावलीत कुत्रं बांधलं आणि पुढ्यात पाण्याचं घमेलं ठेवलं. स्वतःच्या अकलेचं त्याला भारी कौतुक वाटलं. त्यानं बायकोला, हिराबाईला, बोलावून दाखवलंसुद्धा.

"लई आवळलंय ओ," ती म्हणाली.

"एक दिवसाचा तर परश्न हाय. चावन्यापरीस बरं."

हिराबाईला शंभर कामं होती. ती गेली.

वऱ्हाड आलं, वाजंत्री वाजली. मांडवात धवलारणीनं लग्नाची गाणी धरली. वैशाखाचं ऊन असं की परड्यातल्या मातीवर अनवाणी पाय ठेवता येत नव्हता. दुपारी अक्षता पडल्यावर लडकू उडवीकडे डोकावून गेला. सावली सरकून पलीकडे गेली होती. बांड्या उन्हात पडून पुढच्या पंजांनी नाक ओरबाडत होता. घमेल्यातलं पाणी काठोकाठ होतं.

"रुसलास व्हय?" लडकू म्हणाला. "जरा दम काढ रे. तुज्याच पोरीचं लगीन हाय." त्यानं दोर ओढून कुत्र्याला सावलीकडे घ्यायचं मनात आणलं, तेवढ्यात पंगतीतून कुणीतरी भात मागितला आणि तो धावला.

कुत्रं जिभेवाटे धापा टाकून अंगातली आग बाहेर काढतं, हे लडकूला ठाऊक नव्हतं असं नाही. दर उन्हाळ्यात बांड्या हातभर जीभ काढून पडवीत पडलेला त्यानं पाहिला होता. पाहिलं होतं, पण कधी मनावर घेतलं नव्हतं. आणि मुसकं घातलेलं तोंड पाणी पिणार कसं, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं. लग्नघरात बापाची अक्कल गहाण पडते म्हणतात, ते काही खोटं नाही.

तीन पंगती उठल्या. परड्यात दीडशे माणूस जेवलं, पण कुत्र्याचा आवाज म्हणून आला नाही. विडा खाताना राघो मोठ्यानं म्हणाला, "व्याही, उगाच बदनाम केलंत बिचाऱ्याला! एवढं गुनी कुत्रं आमच्या पंचक्रोशीत नाय."

चार माणसांनी माना डोलावल्या. लडकूची छाती फुगली. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला मोकळा श्वास घेता आला. बक्षीस म्हणून पत्रावळीवर भात आणि दोन वडे घेऊन तो उडवीमागे गेला.

बांड्या आडवा पडला होता. डोळे उघडे होते आणि त्यांवर माश्या बसल्या होत्या. लडकूनं पायानं ढोसलं, मग खाली बसून पोटावर हात ठेवला. अंग तापलेल्या तव्यासारखं होतं, पण श्वास नव्हता. लग्नाच्या मांडवामागे मेलेलं जनावर! वऱ्हाडाला कळलं तर काय म्हणतील? त्यानं घाईघाईनं दोन पेंढ्या ओढल्या आणि कुत्र्यावर टाकल्या. आपण हे काय करतोय याची त्याला लाज वाटली, तरी हात थांबले नाहीत.

गाडी जुंपली. अंधाराच्या आत तानशाला पोचायला हवं होतं. पारू गाडीत चढता चढता थांबली. "बा, बांड्या कुठाय? एकदा भेटते."

"बारकूनं नेलाय त्याच्या घरी," लडकू म्हणाला. आवाज फुटला, पण लेक सासरी निघालेल्या बापाचा फुटतोच, असं सगळ्यांना वाटलं.

"आय म्हनली मुसकं घातलंय. काढलंस ना?"

"काढलं."

राघोनं सुनेच्या पाठीवर हात ठेवला. "रडू नको गो. आमचं कुत्रं बिबळ्यानं नेलं. पाच दिसांनी तू माघारी येशील ना म्हायेरी, तवा बांड्याला घेऊनच ये. आपल्या परड्यात राहील." पारू रडता रडता हसली. दिवसभरात ती पहिल्यांदा हसली होती.

गाडी वळणाआड गेल्यावर लडकू कुदळ घेऊन उडवीमागे आला. आधी त्यानं मुसकं काढायला घेतलं. ओरबाडण्यानं सुतळीच्या गाठी घट्ट झाल्या होत्या, कोयत्यानं कापाव्या लागल्या. नाकाडावर तीन खोल वळ होते. तो हमसून हमसून रडला. हिराबाई पाठीमागे येऊन उभी राहिली ते त्याला कळलंही नाही.

"बिबळ्यानं नेला म्हनून सांगू," तो म्हणाला. "पटंल तिला."

हिराबाईनं कापलेली सुतळी उचलली. म्हणाली, "ती गाडीतनं उतरायच्या आधी त्यालाच हाक मारील. तवा तुमी पुढं व्हा नि काय सांगायचं ते तुमीच सांगा. माज्या तोंडातनं ते निघायचं नाय."

लडकूनं होकारार्थी मान हलवली आणि तो खड्डा खणू लागला.