अनुदानाचा मेंढा

"बायांनी तोंड उघडायचं न्हाई," असं सरपंच शारशेन गल्लीत दारोदार सांगत फिराया लागला, तवाच मी वळखलं, पानी कुठंतरी मुरतंय.

माझ्या दारात आल्यावर त्यानं टोपी मागं सारली. "बुरुल अपा, तुमाला खास सांगतूय. उद्या शहरातनं अनुदानाचं साहेब येत्यात. इचारलं तर समद्यांनी येकच म्हनायचं. गावाला पाव्हन्यांसाठी घर पायजे. परदेशी लोकं येतील, घोड्यावर बसतील, मुक्काम करतील. गावात पैसा खेळंल."

"आन् त्ये घर बांधायचं कुनाच्या जागंत?"

"जागा हाय की. माझ्या मेव्हन्याची पडूनच हाय."

"पडून हाय व्हय! बिच्चारी!"

शेजारची कान्शायिम रुमाल तोंडात कोंबून हसली. शारशेननं तिच्याकडं बघितलं तशी ती शेन गोळा कराया लागली. मी कशाला घाबरती? समदं गाव मला अपा, म्हंजी थोरली आई म्हनतं; ह्या पोराचं नाक मी पुसलंय.

आता खरं काय त्ये सांगते. वसंतात बरफ वितळायच्या दिसांत डोंगर भिजून फुगला आन् नाल्यातनं चिखलाचा लोंढा खाली आला. धोंडं, झाडं, मेलेली मेंढरं, समदं घिऊन आला. पूल गेला आन् आमची डेअरी गेली. दूध गार करायची टाकी पार खाली नदीत घावली, चपटी झालेली. घरटी दोन-चार गाई, तेवढ्यावर गावातल्या बायांच्या हातात चार पैसं खेळायचं. आता दुधाचं काय करावं? दह्याच्या गोळ्या करून करून छपरावर वाळवायला जागा उरली न्हाई. वासरं तेवढी टरटरून फुगली.

माझी सून जिर्गाल त्या दुधावरच घर चालवायची. माझा ल्योक, तिचा नवरा एमिल मॉस्कोत. पयलं रोज फोन करायचा, मंग आठवड्यानं, आता आठवन आली तर. जिर्गालनं बी ठरवलं, गवत कापून झालं की आपुनबी मॉस्कोला जायचं, तितल्या इमारतींचं जिनं झाडायचं.

"आन् पोरं?" मी इचारलं.

"तुमच्यापाशी ऱ्हातील, अपा. दुधात आंघोळ घालून पोरांची शाळा हुती का? डेअरी आसती तर मी कशाला गेले असते?"

आई परमुलखात गेलेली पोरं कशी वाढत्यात त्ये आमच्या गल्लीत घरोघर दिसतंय. म्हनून सांगते, माझ्यासाठी अनुदान म्हंजी सून घरात का सून मॉस्कोत, येवढाच हिशेब.

सरकार म्हनं गावाचा बुडालेला धंदा पुन्हा उभा कराया पैसा देनार, येका घराला न्हाई, समद्या गावाला मिळून. मी तवाच म्हनलं, आंधळं दळतंय आन् कुत्रं पीठ खातंय.

दुसऱ्या दिशी पूल न्हवता म्हनून जीप नाल्यापल्याड थांबली. तिच्यातनं येक दांडगा मानूस उतरला. काळं कातडी जाकीट, पोट पुढं, कानाला फोन. शारशेन सोता घोडं घिऊन पळाला. आपल्या अंगनात आनून त्येच्या डोक्यावर दाबल्या लोकरीची पांढरी टोपी घातली, मेंढा पुढं उभा केला. त्या बाप्यानं तळवं उघडून दुवा दिली आन् शारशेननं मेंढा कापला. पाव्हना मधीच म्हनला, "आवो, मी काय..." तर शारशेन म्हनला, "आधी चहा, आधी जेवान! पाव्हन्याच्या पोटात अन्न जायच्या आत काम काढलं तर बापजादं थुकतील माझ्यावर." आमच्याकडं रीतच तशी. मंग त्यो बी पक्का, गुमान लोड घिऊन बसला.

आमी बाया घरामागच्या पान्याच्या पाटावर आतडी धुवाया. तितक्यात मागच्या दारानं येक बाई आली. डोक्याला रुमाल, गुडघ्यापातूर रबरी बूट, त्येबी चिखलानं भरल्यालं. "सलाम," म्हनली. बोलनं शहरी. मी तिला वरखाली बघितलं. सरपंचाच्या मागल्या दारानं येनारी अनोळखी बाई कोन असनार? त्येच्या बायकोची भाची! आमी काय बोलतो त्ये ऐकाया पाठवलेली. माझं डोस्कंच फिरलं.

ती म्हनली, "अपा, मी..."

"आधी हात चालू दे, मंग तोंड." मी घमेलं तिच्या पुढ्यात सारलं. "उलटी करून धू. मीठ लाव."

बयेनं बाह्या वर सारल्या आन् बसली. धुवत बी बरी व्हती, म्हंजी कुठल्यातरी खेड्यातच वाढलेली. थोड्या येळानं हळूच इचारती, "गावाला पाहुण्यांचं घर हवंय म्हणे?"

बघा! मी म्हनलं न्हवतं? हेर! आता भीत बसायचं का? हिच्या तोंडूनच शारशेनला निरोप धाडू म्हनलं.

"ऐक गं," मी म्हनलं, "आन् समदं नीट ध्यानात ठिऊन तुझ्या मामाला जाऊन सांग. गावाला घर नको. घर त्येच्या मेव्हन्याला पायजे. गावाला डेअरी पायजे. टाकी पायजे. पाव्हनं वर्साकाठी यील तवा यील, गाय रोज दूध देती. माझी सून चाललीया परमुलखात जिनं झाडाया, ह्या कान्शायिमची लेक गेलीबी. सांग त्येला, बुरुल म्हातारी म्हनली म्हनून."

"अपा, गप की!" कान्शायिम पांढरीफटक पडली.

"का गप? हिला पाठवलीच हाय ऐकाया, तर पोटभर ऐकू दे!"

ती बाई खाली बघून आतडी धुवत व्हती. "आणि डेअरी आली तर तीही सरपंचाचा मेव्हणाच खाईल, मग?"

"खातोय कसा! मी बसंन की तितं!"

मटन शिजलं. शारशेननं मानाची मुंडी ताटात घालून त्या जाकीटवाल्याच्या पुढ्यात ठिवली. त्यो बाप्या लालबुंद झाला, ताट मागं सारलं.

"आवो, ही मला कशी चालंल? मी गाडी चालवतो. मॅडम मगाशीच पायी पुढं आल्यात, गावाचं नुकसान बघत बघत."

"कुठल्या मॅडम?"

कुनीतरी सांगितलं, येक अनोळखी बाई मागल्या दारानं गेलीया. शारशेन धावत मागं आला, तर मॅडम कोपरापातूर मेंढ्याच्या आतड्यात. माझ्या हातातलं घमेलंच निसटलं. आता गेलं समदं, म्हनलं. सरकारी बाईला भाची केली, आतडी धुवाया लावली. कसलं अनुदान आन् कसलं काय!

मॅडमनं हात धुतलं, अंगनात आली, मुंडी गावातल्या समद्यात म्हाताऱ्या मोल्दोबाकडं सरकवली आन् म्हनली, "मी डेअरी सुचवणार आहे. पण चावी आणि माप गावानं निवडलेल्या माणसाकडं राहील. आत्ता सांगा, कोण?"

झालं! येक नाव निघंल तर शपथ. सरपंचाची बायको? समदी खाकरली. कान्शायिम? "ती पानी घालती दुधात!" मोल्दोबा? "त्येला दिसतंय कुठं?" येकाचं नाव घ्यावं तर धा जन उठत्यात.

मॅडम हसली. "ज्या आजी कुणावरच विश्वास ठेवत नाहीत, त्यांनाच देऊ."

समद्यांनी माझ्याकडं बघितलं. कुनाला बोलाया जागाच ऱ्हायली न्हाई.

तरी जिर्गाल म्हनायची, "सरकारचं बोलनं हाय, अपा. टाकी डोळ्यांनी बघू, मंग बघू." मॉस्कोच्या मैतरनीला फोन चालूच. गावानं मिळून लाकडं टाकून पूल केला. गवत कापून झालं. माझ्या जिवात जीव न्हवता. आन् येक दिस टाकी आली! चकचकीत. मी तिला चारी बाजूंनी ठोकून बघितलं, जुनीच रंगवून तर दिली न्हाई ना.

पयल्या सकाळी रांग लागली. मी परत्येकीचं दूध चाखलं, हुंगलं, मापलं, आन् फेसाचं कापलं. लबाड बाया उंचावरनं धार सोडून फेस फुगवत्यात, मला म्हाईत न्हाई व्हय? रांगेत जिर्गालचा नंबर आला. तिचंबी कापलं. सून झाली म्हनून काय झालं?

ती हालंना.

"काय गं? हो पुढं."

"अर्धा लिटर कमी धरलंत, अपा. मी घरनं मापून आनलंय."

कान्शायिमनं रुमाल तोंडात घातला.

"माझ्यावर संशव घेतीस?" मी म्हनलं.

"फेस बसू द्या. मंग बोलू."

कमरंवर हात ठिऊन उभी ऱ्हायली. समदा गाव उभा. फेस बसाया लागला, हळूहळू, आन् दूध बरुबर तितंच येऊन थांबलं जितं ती म्हनली व्हती. माझं कान तापलं. मी मुकाट्यानं अर्धा लिटर वाढवून मांडलं.

"उद्याबी मापूनच आननार हाय," ती म्हनली आन् रिकामी बादली घिऊन घराकडं चालली.

तिला चावचाव चावावं वाटलं मला, खरं सांगते. पन पोटात लई दिसांनी गार वाटलं. अर्ध्या लिटरपायी सासूला चारचौघींत उभं करनारी बाई कुटं मॉस्कोला जात न्हाई.