पिंजऱ्याबाहेरचं औषध

प्रयोगशाळेत तिला सगळे पिंजरेवाली म्हणत. काम तिचं तसंच होतं. प्रथिनांचे पोकळ गोळे ती घडवायची, डोळ्यांना कधीच न दिसणारे; हेच तिचे पिंजरे. आंबट पाण्यात गोळा उकलायचा, तेव्हा त्यात कर्करोगाचं औषध सोडायचं. आंबटपणा काढला की गोळा पुन्हा मिटायचा आणि औषध आत कोंडलं जायचं. ते थेट गाठीपाशी पोचावं, वाटेत हृदयाला डसू नये, यासाठी हा सगळा खटाटोप.

हृदयाचं तिला कुणी सांगायला नको होतं. याच औषधानं तिच्या वहिनीची गाठ विरघळवली होती आणि जाता जाता हृदय खिळखिळं करून ठेवलं होतं. आता गाठ परत आली होती, आणि नुसतं औषध पुन्हा देणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. वहिनीची सारी भिस्त नणंदेच्या पिंजऱ्यांवर.

रुग्णांवरची चाचणी आता तोंडावर आली होती. प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणजे सर, भलतेच खुशीत होते. पिंजरे ठासून भरलेत, असं भेटेल त्याला सांगत सुटले होते. औषध लालभडक, पिंजऱ्यांचं पाणीही लालभडक. आणखी काय पुरावा हवा?

पिंजरेवालीला मात्र ती लाली खटकत होती. एवढ्याशा पोकळीत एवढं औषध मावेल कसं? भरून झाल्यावर पिंजरे धुवायचे, म्हणजे बाहेर राहिलेलं औषध निघून जातं. पण सरांच्या हुकमावरून हे धुणं चालायचं बिनमिठाच्या पाण्यात. मिठानं पिंजरे बिघडतात, हे त्यांचं ब्रह्मवाक्य. अहो, पण रक्त काय गोडं असतं?

शेवटी तिनं भरलेले पिंजरे बारीक चाळणीच्या पिशवीत घातले, जिच्यातून सुटं औषध निसटेल पण पिंजरे नाही, आणि पिशवी रक्ताइतक्याच खारट पाण्यात सोडली. जेवून आली तर बाहेरचं पाणी लाल, आणि पिशवीत फिकट गुलाबी. पिंजरे तपासले, ते शाबूत होते. औषध आत फारसं गेलंच नव्हतं. टपावर बसलेल्या प्रवाशांसारखं ते बाहेरून चिकटलं होतं. रक्तात पोचताच उतरणार आणि हृदय गाठणार!

ती लाल पाण्याचं भांडं घेऊन सरांपुढे उभी राहिली.

"मीठ जास्त पडलं असेल," सर म्हणाले.

"रक्ताइतकंच आहे."

"बरं, पुढच्या खेपेला सुधारू. आधी चाचणी तर सुरू होऊ दे."

"सर, ही खेप माणसांना टोचायची आहे!"

सरांनी आवाज एकदम मऊ केला. "तुमच्या वहिनी आजारी आहेत ना? पहिलं नाव त्यांचं घालू. झालं समाधान?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. विष पाजायचं आणि वर उपकार केल्याचा आव आणायचा! म्हणे समाधान! ती तडक निघाली आणि चाचणी घेणाऱ्या डॉक्टरांच्या टेबलावर तिनं ते भांडं ठेवलं.

चाचणी थांबली. सरांनी तिला घरभेदी म्हटलं, तोंडाला येईल ते सुनावलं. तिनंही सुनावलं, आणि दार आपटून बाहेर पडली.

घरी वहिनी खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. पिंजरेवालीनं तिला सगळं सांगितलं, सरांनी देऊ केलेल्या पहिल्या नंबरासकट.

"आणि तू नको म्हणालीस?" वहिनीनं विचारलं.

"तुझं हृदय गेलं असतं गं."

"गेलं असतं तर माझं गेलं असतं. मला एका शब्दानं विचारायचं तरी होतंस!"

पिंजरेवाली तिच्या खुर्चीपाशी खाली बसली. "मी नीट भरून दाखवते, वहिनी. थोडा वेळ दे मला."

"वेळ? आणि तो तू माझ्याकडे मागतेस?" वहिनी ओरडली, आणि तेवढ्यानंच तिला धाप लागली.